अठरा रेघांचं अक्षर

थंडी आधी दातांना लागते, मग बोटांना. तुम्ही डोळे उघडता तेव्हा पायाखाली पिठासारखी मऊ पिवळी माती असते आणि छातीसमोर एक भाला. पात्याखाली लाल झुपका बांधलाय. भाला धरणारीची उंची भाल्यापेक्षा हातभर कमी.

"थांबा. चिठ्ठी दाखवा."

पोर असेल बारा वर्षांची. अंगात कापूस भरलेला कोट, मोठ्या माणसाचा कापून लहान केलेला. एका कोपरातून कापूस बाहेर डोकावतोय. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं आहे, म्हणून भाला डाव्या हातात.

तुम्ही आहात उत्तर चीनच्या हबेई प्रांतात, थायहांग डोंगरांच्या पायथ्याशी, थांग जिल्ह्यातल्या गगोंग गावाच्या वेशीवर. साल १९४२, डिसेंबरचा पहिला आठवडा. जपानी फौजांनी मोठी चढाई सुरू केली त्याला पाच वर्षं झालीत. पूर्वेकडे मैदानातून जाणारी रेल्वे त्यांच्या हाती आहे, शहरंही त्यांच्या हाती. डोंगरातली गावं कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीच्या आधाराने तग धरून आहेत. परका माणूस वेशीवर आला की त्याच्याजवळ त्याच्या गावच्या पंचांची चिठ्ठी हवी, आणि ती तपासायचं काम पोरांकडे. हेर कुठल्या वेशात येईल सांगता येत नाही.

तुमच्याकडे चिठ्ठी नाही. पोर तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळते, मग भाल्याच्या टोकाने शेजारच्या झाडाला टांगलेली फळी दाखवते. फळीवर खडूने दोन तिरक्या रेघा काढल्यात, एकमेकींना टेकून उभ्या असल्यासारख्या.

"हे काय आहे? वाचा."

तुम्हाला येत नाही. तिला याचं नवल वाटत नाही. वेशीतून जाणाऱ्या निम्म्या लोकांना येत नाही, तिच्या आजीलाही मागच्या हिवाळ्यापर्यंत येत नव्हतं. "रन," ती म्हणते. "माणूस. हे दोन पाय. म्हणा." तुम्ही म्हणता. ती तीनदा म्हणून घेते. गावाचा रिवाज असा की फळीवरचं त्या दिवसाचं अक्षर वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाजाराला निघालेला म्हातारा असो की डोक्यावर मोळी घेतलेली बाई, एक अक्षर पदरात पाडून घ्यायचं आणि मग वाटेला लागायचं. लढाईच्या ऐन धामधुमीत कुणाला तरी हे सुचलं आणि गावोगावच्या पोरांनी ते उचलून धरलं. या साऱ्या कहाणीत मला सगळ्यात जास्त हलवून जाणारी गोष्ट ती फळी आहे.

तेवढ्यात वळणावरून चार माणसं स्ट्रेचर घेऊन येतात. स्ट्रेचर म्हणजे दोन दांडे आणि मध्ये आवळलेलं पोतं. त्यावरच्या जवानाचा चेहरा मेणासारखा. पुढच्या डाव्या बाजूचा माणूस गुडघ्यावर टेकतो. आता त्याच्याने पाऊल उचलवत नाही.

पोर तुमच्याकडे बघते. "हात मोकळे आहेत ना? मग धरा."

तुम्हाला गावात प्रवेश मिळतो तो असा.

*

या मुलीचं नाव मी सांगणार नाही. ते कुठल्या कागदावर नाही. थांग जिल्ह्यातल्या तेव्हाच्या कितीतरी मुलींच्या जगण्यातून मी तिला उभी केली आहे. तिच्याभोवतीचं गाव मात्र खरं आहे, लढाई खरी आहे, आणि ज्या डॉक्टरकडे तुम्ही हे स्ट्रेचर घेऊन निघालात तोही खरा.

दांडा खांद्यात रुततोय. दोन्ही अंगांना घरं आहेत, पण कित्येकांना छप्पर नाही. मातीच्या भिंती आतून काळ्या पडल्यात. मुलगी शेजारून चालत सांगते: हे घर गेल्या वर्षी शरदात जाळलं. हे पण. हे आमचं. १९४१ च्या शरदात जपानी तुकड्या डोंगर विंचरत आल्या. सगळ्यांना मारा, सगळं जाळा, सगळं लुटा, अशी ती रीत, आणि चिनी लोकांनी तिला नाव दिलं ते या तीन 'सगळ्यां'वरूनच. तुकड्या येताहेत असं कळलं की अख्खं गाव उठून डोंगरातल्या घळींत पळायचं. धान्य पुरून ठेवायचं, जातं उलथून टाकायचं, गाढव हाकायचं, लेकरू पाठीला बांधायचं.

आजीला पळता येत नव्हतं. तिची पावलं लहानपणी बांधलेली. एकेक पाऊल तुमच्या तळहातावर मावेल एवढं. तिला दोघांनी उचलून नेलं. मुलगी घळीतून पाहत होती, आणि धूर विरल्यावर सगळ्यांच्या आधी ती घराकडे धावली. चुलीमागे राळ्याचं मडकं होतं. धुमसत्या वाशांखालून तिने ते ओढून काढायचा प्रयत्न केला, उजव्या हाताने. मडकं फुटलं. हात भाजला.

तो हात बरा झाला, पण नुसता वरून. भाजलेली कातडी भरून येताना आवळत गेली आणि तिने बोटांना तळव्याकडे खेचून धरलं. चार बोटांची एक मूठ झाली ती उघडेना. तिची आई आधीच्या वर्षी तापाने गेलेली, बाप सैन्यात. अशा मुलीचं पुढे काय व्हायचं, याचा हिशेब गावातल्या बायकांनी मनातल्या मनात मांडला होता. थोट्या हाताने दळण नाही, शिवण नाही, मग लग्नही नाही.

*

दवाखाना शोधू नका. इथे तशी इमारत नाही. जखमी जवान घराघरांत वाटून ठेवलेत, भट्टीवर तापणाऱ्या मातीच्या ओट्यावर. त्याला इथे खांग म्हणतात. घरची बाई त्यांना राळ्याची पेज भरवते, त्यांच्या पट्ट्या उकळून, वाळवून, गुंडाळून ठेवते. पट्टी फाटेपर्यंत वापरायची. मलम नसलं तर मिठाचं पाणी, आणि मीठही नाकाबंदीमुळे सोन्याच्या मोलाचं. हाडाला लावायच्या फळ्या गावचा सुतार तासून देतो. शस्त्रक्रियेची खोली म्हणजे एक स्वच्छ सारवलेलं घर, वर पांढरी चादर ताणलेली, आढ्यावरची माती जखमेत पडू नये म्हणून.

तुम्ही स्ट्रेचर खाली ठेवता. आतून एक सावळा माणूस हात पुसत येतो. जाड भुवया, ओढलेला चेहरा, अंगात सगळ्यांसारखाच राखी कापूसकोट. तो वाकून जवानाच्या पोटरीवरची पट्टी उलगडतो आणि चिनी भाषेत भराभरा सूचना देतो. उच्चार इथल्याच गावाकडचे.

"के दाइफू," मुलगी हळूच सांगते. दाइफू म्हणजे डॉक्टर. के म्हणजे कोटणीस.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म सोलापूर, १९१०. तुम्ही ते नाव शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, किंवा व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटातून ओळखत असता. पडद्यावरचा डॉक्टर आता विसरा. इथला डॉक्टर दमलेला आहे. १९३८ मध्ये चिनी सेनापती चू द यांनी नेहरूंकडे मदत मागितली, काँग्रेसने गावोगाव पैसे गोळा केले, सुभाषचंद्र बोस तेव्हा अध्यक्ष होते, आणि सप्टेंबरात मुंबईहून पाच डॉक्टर बोटीत बसले. अटल अलाहाबादचे, चोळकर नागपूरचे, बसू आणि मुखर्जी कलकत्त्याचे, आणि सोलापूरचे कोटणीस. मुंबईत शिकलेले, पुढच्या शिक्षणाची स्वप्नं बाजूला ठेवून आलेले. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत. चोळकर, मुखर्जी आणि मग अटल मायदेशी आले, बसू चीनमध्येच, येनानला राहिले. कोटणीस १९४० मध्ये लढाईच्या तोंडावर, या डोंगरात आले. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून याच थांग जिल्ह्यात १९३९ च्या नोव्हेंबरात वारले होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं आणि रक्तात विष पसरलं. त्यांच्या नावाच्या इस्पितळाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली.

जवान त्यांना आणखी एका नावाने हाक मारतात: हेई मामा. शब्दाला शब्द ठेवला तर काळी आई.

हे ऐकताना तुमच्या अंगावर काटा येतो. हाक मारणाऱ्याला ठाऊक नाही की या माणसाच्या मुलखात काळी आई कुणाला म्हणतात. सोलापूरचा शेतकरी पेरणीच्या दिवशी जिच्यापुढे नारळ फोडतो, ती जमीन. इथली माती पिवळी आहे. पण तिच्यातून वर येतं ते पीक ओळखीचं. खळ्याच्या कडेला ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवल्यात. बोरीची झाडं आहेत. डोंगरउतारावर पानगळीनंतरही चारदोन केशरी फळं लटकलेली पर्सिमनची झाडं, म्हणजे आपल्या टेंभुर्णीची सख्खी बहीण. कोटणीसांना ही झाडं पाहून काय वाटत असेल, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. मला मात्र तो कडबा पाहून राहवलं नाही.

*

मुलीचा हात त्यांनीच उघडला. आवळलेली कातडी कापून बोटं एकेक करून मोकळी केली, मांडीवरची पातळ कातडी काढून तिथे लावली, आणि सुताराने तासलेल्या पट्टीवर बोटं पसरून बांधली. भूल द्यायचं औषध नाकाबंदीतून चोरून आणलेलं, थेंब मोजून वापरायचं. पट्टी सुटल्यावर त्यांनी तिला सांगितलं की आता निम्मं काम माझं नाही, तुझं. बोटं रोज ताणली नाहीत तर कातडी पुन्हा आवळेल. रोज काहीतरी धर, सोड, धर, सोड.

"काय धरू?" तिने विचारलं.

"काठी धर. लिही."

म्हणून संध्याकाळी तुम्ही तिच्यामागून हिवाळी शाळेत जाता. शेतं रिकामी झाली की नोव्हेंबरपासून गावोगाव ही शाळा भरते. एकच खोली, एकच वात. बायका, पोरं, म्हातारे दाटीवाटीने बसलेत. काहींच्या हातात शिवण, एकीच्या पदराखाली लेकरू. कागद नाही. प्रत्येकासमोर एक ताटली, ताटलीत चाळलेली माती. काठीने अक्षर काढायचं, ताटली हलवायची, पुन्हा काढायचं. तुम्ही पाहताक्षणी ओळखता: ही धूळपाटी. तुमच्या पणजोबांनी गावच्या पंतोजीपुढे अशीच धुळाक्षरं गिरवली होती.

शिकवणारा सतरा वर्षांचा आहे. त्याला स्वतःला चारदोनशे अक्षरं येतात. पण ज्याला एक येतं त्याने ते न येणाऱ्याला द्यायचं. थाओ शिंगची नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने ही रीत रुजवली, पोरांना त्याने 'छोटे गुरुजी' केलं. मुलगी घरी आजीची गुरुजी आहे. आजी आता स्वतःचं नाव काढते. साठ वर्षं तिला अमक्याची सून, तमक्याची आई एवढीच ओळख होती. मातीत उमटलेलं आपलं नाव पुसायला ती ताटली हलवू देत नाही.

आज मुलीने एक अक्षर पक्कं केलंय. ती तुम्हाला काठीने दाखवते. वर डावीकडे एक हात, उजवीकडे एक हात, मधे फुल्या, त्याखाली छप्पर, आणि छपराखाली मूल. "श्वे. शिकणं." सोळा रेघा. दोन हात वरून काहीतरी देताहेत आणि खाली मूल बसलंय. बोटं थरथरतात. करंगळी अजून अर्धीच सरळ होते. मूल थोडं वाकडं येतं. ती ताटली हलवते, पुन्हा काढते.

"आणि हे अजून जमत नाही," ती म्हणते. मग काठी हवेत धरून ठेवते, मातीला टेकवत नाही.

ते अक्षर आहे यी. औषध, वैद्यक, बरं करणं. अठरा रेघा. वर डाव्या बाजूला एक पेटी, पेटीत बाण. शेजारी हत्यार धरलेला हात. आणि खाली दारूचा घडा, कारण जखम धुवायला आणि औषध भिजवायला दारूच असायची. हजारो वर्षांपूर्वी ज्याने हे अक्षर रचलं त्याने लढाई पाहिली होती यात शंका नाही. जखमी माणसापासूनच त्याने सुरुवात केली.

ही दोन अक्षरं शेजारी ठेवली की यी-श्वे होतं, वैद्यकशास्त्र. खळ्यावर भरते ती शाळा त्याचीच. सकाळी तुम्ही ती पाहता. बेथ्यूनच्या नावाची वैद्यकीय शाळा. विद्यार्थी आपल्याच अंथरुणाच्या वळकट्यांवर बसलेत, गुडघ्यावर वही, काळी रंगवलेली फळी भिंतीला टेकवलेली. कोटणीस शिकवताहेत, चिनीत. चार वर्षांपूर्वी या भाषेतला एक शब्द त्यांना येत नव्हता. त्यांनीही असंच एकेक अक्षर गिरवत आणलं, आणि आता ते शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक त्याच भाषेत लिहिताहेत. एक भाग झालाय, दुसरा चालू आहे. पलीकडच्या अंगणात कुओ छिंगलान शुश्रूषा शिकवतात. बेइपिंगच्या, म्हणजे बीजिंगच्या मोठ्या इस्पितळातून आलेली नर्स, कोटणीसांची पत्नी. पाठीला साडेतीन महिन्यांचं बाळ. बाळाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन.

मुलगी कुंपणापलीकडे उभी राहून ऐकते. लिहिता-वाचता आल्याशिवाय तिथे बसता येत नाही. तिने हिशेब घातलाय: रोज तीन अक्षरं, दोन हिवाळे. मग वळकटी घेऊन त्या खळ्यावर. तिला पहिल्यांदा काय शिकायचंय तेही ठरलंय. भाजलेल्याचं. गावात अशा आवळलेल्या मुठी आणखी आहेत.

आणि भूक? ती बोलत नाही, पण तिच्या मनगटावरून दिसते. या वर्षी वसंतात धान्य संपलं आणि लोक झाडांची कोवळी पानं उकडून खाऊ लागले. तेव्हा इथले सेनापती न्ये रोंगचन यांनी सैन्याला हुकूम काढला की गावांच्या आसपासच्या झाडांची पानं जवानांनी तोडायची नाहीत, ती गावकऱ्यांसाठी. पानांसाठी काढलेला लष्करी हुकूम! ती पानं खाऊन ही मुलगी इथवर आली.

*

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी या गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. तुम्हाला तारीख ठाऊक आहे.

कोटणीसांना फिट्स येतात. उपचारासाठी बाहेर जा, असं वरिष्ठांनी सांगून पाहिलं, ते गेले नाहीत. इथले सगळे त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण पाहतात आणि म्हणतात, थोडी विश्रांती घ्या. तुम्ही मात्र दिवस मोजताय. वेशीवर, खळ्यावर, शाळेत, प्रत्येक वेळी तुमच्या जिभेवर ते येतं आणि तुम्ही गिळता. सांगून काय होणार? औषध तुमच्याकडेही नाही.

८ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांच्या खिडकीत दिवा आहे. ते लिहिताहेत. तुम्ही अंगणात उभे राहून पेनची कुरकुर ऐकू येते का पाहता. रात्री धावपळ सुरू होते. झटका ओसरतो, पुन्हा येतो, पुन्हा. त्यांच्याच हाताखाली शिकलेले डॉक्टर त्यांच्याभोवती आहेत. ९ डिसेंबरच्या पहाटे सगळं थांबतं. वय बत्तीस. दुसऱ्या भागाचं हस्तलिखित अर्ध्यात.

गाव कसं रडलं ते मी लिहिणार नाही. ते तुम्हीच उभे राहून पाहताय. छोट्या पावलांच्या म्हाताऱ्या, काठी टेकत, एकमेकींना धरून आलेल्या. त्यांना कुणी उचलून आणलं नाही, त्या आपल्या पायांनी आल्या. ज्यांच्या खांगवर कोटणीसांचे रुग्ण होते त्या बायका. हात नसलेले, पाय नसलेले जवान. कुओ छिंगलान, कडेवर बाळ. ते बाळ पुढे वैद्यकीय शिक्षण घेईल आणि १९६७ मध्ये, डॉक्टर व्हायच्या उंबरठ्यावर, तेही जाईल. तेही तुम्हाला ठाऊक आहे, आणि तेही तुम्ही गिळता.

मुलगी गर्दीत नाही.

तुम्ही तिला शोधता. घरी नाही, शाळेत नाही, खळ्यावर नाही. आजी बोटाने वेशीकडे दाखवते. आज तिची पाळी आहे, आणि पाळी कुणी चुकवत नाही. हेर काही शोक पाळत नाहीत.

ती झाडाखाली उकिडवी बसलीय. भाला बुंध्याला टेकवलाय. फळी खाली उतरवून मांडीवर घेतलीय, आणि खडू आहे तिच्या उजव्या हातात. फडकं सोडून ठेवलंय. लावलेली कातडी थंडीने जांभळट पडलीय, बोटांच्या पेरांशी ताणून पांढरी झालीय. ती काढते, ओल्या फडक्याने पुसते, पुन्हा काढते. पेटी होते. पेटीत बाण बसतो. हत्यार धरलेला हात तिरका होतो, ती तो पुसून नीट करते. मग घडा. घड्याचं तोंड, दोन्ही बाजू, आतली रेघ.

शेवटची रेघ म्हणजे घड्याचा तळ. डावीकडून उजवीकडे, सरळ आडवी. चारही बोटं एकत्र पुढे सरकल्याशिवाय ती येत नाही. ती श्वास रोखते. करंगळी फळीला घासत जाते. रेघ मध्यावर कापते, पुढे जाते, टोकाला पोचते.

ती फळी झाडाला टांगते, भाला उचलते, आणि तुमच्या वाटेत आडवा धरते. डोळे लाल आहेत, पण आवाज वेशीवरचा आहे.

"थांबा. हे काय आहे? वाचा."

"यी," तुम्ही म्हणता.

"आणखी दोनदा."